न उडालेल्या चौदा काडतुसांबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

तुम्ही माझी बंदूक दुरुस्त केलीत, पण तोंडावर आभार मानले की ‘चहा घ्या’ म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझी पॉइंट टूटूची (०.२२ इंची), एका वेळी एकच गोळी भरायची जुनी रायफल. नळी बदलून आणली आणि दहा-बारा गोळ्यांत एक फुसकी जायला लागली. चाप ओढला की नुसतं टक्. मग नळी टार्गेटकडेच रोखून तीस सेकंद थांबायचं. तेवढ्यात श्वास, नेम, डोकं सगळंच विस्कटायचं. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं!

आधी मी काडतुसांना शिव्या घातल्या, कंपनी बदलली. मग एकाकडून जोरकस स्प्रिंग आणि लांब फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी) बसवून घेतली. फुसक्या कमी झाल्या, पण दोन काडतुसांची कड फाटून गरम गॅस तोंडावर आला. चष्मा होता म्हणून निभावलं.

तुम्ही मात्र पहिल्या दिवशी रायफल हातातही घेतली नाहीत. “काडतुसाच्या बुडावर पेनानं खूण करा, खूण वर ठेवून भरा. न उडालेली तेवढी घेऊन या. बंदूक कुठं पळून जात्या?” मला राग आला होता, आता सांगतो.

महिन्याने चौदा काडतुसं आणली. भिंगाखाली सगळ्यांवर घाव एकाच जागी, पण उथळ. मग तुम्ही समजावलंत, की टूटूला प्रायमरची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याची, वेगळी टोपी नसते. मसाला बुडाच्या पोकळ कडेत असतो. पिन ती कड नळीच्या काठावर चिरडते तेव्हा तो पेटतो. काडतूस पुढे सरकायला जागा असली तर ठोका वाया. “फळी हालत असंल तर खिळा शिरतोय व्हय?” पिन काढून, रिकाम्या केसमागे पितळी पत्र्याची चकती ठेवून तुम्ही बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) दाबलात, तो आरामात बंद झाला, म्हणजे जागा जास्त होती. नव्या नळीत कड बसायचा खळगाच दोन दशांश मिलिमीटर जास्त खोल कापलेला! वर लांब पिनेने चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) काठावर खड्डा पाडून धातूची बर उठवलेली. (घरी रिकामाच चाप ओढत बसायचो, तो प्रताप माझा.)

तुम्ही लेथवर नळीचं मागचं तोंड तेवढं घासून नळी तेवढीच मागे बसवलीत, एक्स्ट्रॅक्टरची (केस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) खाच पुन्हा जुळवलीत, बर काढलीत, आणि जुनीच पिन टोक गोल करून परत घातलीत. स्प्रिंगही जुनीच. ज्यानं नळी बसवली त्याच्याबद्दल वावगा शब्द नाही; “हुतंय असं कधी कधी,” एवढंच. नोंदवहीत काम लिहिलंत, पैसे कामापुरतेच घेतलेत, तेही बरं वाटलं.

२०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेंनी कांस्य आणलं, दोघं कोल्हापूर जिल्ह्यातले आणि दोन्ही ५० मीटर रायफलमध्येच. त्यामुळे कोल्हापुरात नेमाबद्दल सल्ला देणारे पायलीला पन्नास. फुसक्या काडतुसाचं बूड भिंगाखाली धरणारे तुम्हीच भेटलात.

गेल्या रविवारी साठच्या साठ गोळ्या उडाल्या. गुण विचारू नका, त्यात पिनेचा दोष नव्हता.

ती लांब पिन तुमच्या खिडकीत राहिलीय. राहू द्या तिथंच, पुढच्या उतावळ्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

आपला,
चौदा काडतुसंवाला