अण्णांच्या गोळ्यांची पिशवी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब अण्णा, म्हणजे माझे वडील, लिहायचे. दीड लिटर, खाडा, पाहुणे आले म्हणून जास्तीचं अर्धा लिटर, सगळं बारीक, नेटक्या अक्षरात. तीन वर्षांपूर्वी एकाच तारखेच्या चौकोनात चार वेळा ‘दीड’ लिहिलेलं दिसलं आणि पुढचे आठ दिवस कोरे. तपासणीत मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार निघाला. वीस वर्षांच्या बीपीने मेंदूचा रक्तपुरवठा हळूहळू कमी होत गेला होता.

चिठ्ठीवर पाच औषधं होती. त्यातली सर्वांत महाग अँटिऑक्सिडंट कॅप्सूल. ‘याने मेंदूला ताकद येते’ असं सांगण्यात आलं. महिनाअखेरीस पैशांची ओढाताण झाली की अण्णा कॅप्सूल चुकवत नसत, बीपीची गोळी मात्र दिवसाआड घेत. स्वस्त गोळी म्हणजे कमी कामाची, असा त्यांचा समज. तो मी वेळीच खोडून काढला नाही, हे अजून टोचतं.

रक्त कमी पडलं की पेशींना इजा करणारे घटक वाढतात, ते अँटिऑक्सिडंटने आवरावेत, हा विचार पटणारा आहे. पण पटणं वेगळं आणि गुण येणं वेगळं. जपानने याच जातीचं इडेबेनोन नावाचं औषध १९८६ मध्ये मंजूर केलं आणि फेरतपासणीत उपयोग सिद्ध न झाल्याने १९९८ मध्ये बाजारातून काढलं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकार, मधुमेह यांसारखे आजार असलेल्या २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं ई आणि सी जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट रोज दिली. २००२ मध्ये निकाल आला तेव्हा बुद्धीच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात मात्र वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात स्मरणशक्तीची सौम्य घसरण १४० च्या खाली ठेवायचं ठरवलेल्यांपेक्षा कमी आढळली.

साहेब, बीपीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पण आमच्या केंद्रात साठा संपला की ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकून म्हातारी माणसं पायी परततात, आणि पुढच्या आठवड्यात येतातच असं नाही. हा खंड पडू देऊ नका. विसरभोळेपणा लवकर ध्यानात यावा म्हणून बीपी मोजताना साठीपुढच्यांना कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा. त्याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. आणि विसरभोळेपणासाठी अँटिऑक्सिडंट लिहून देणाऱ्याने त्याचा पुरावा काय, हे रुग्णाच्या घरच्यांना मराठीत सांगावं, असा आदेश काढा.

अण्णांचं घड्याळ मी काढून घेतलं होतं. बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीने बसले होते, डावीकडे मोकळा कागद. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, ‘बरोबर आहे ना?’

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक मुलगी