मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टर मॅडमना, बाबांच्या घरच्यांकडून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ज्या सर्जननी ऑपरेशन केलं, ज्या सिस्टर रात्र रात्र सलाइनकडे लक्ष ठेवून होत्या, त्या सगळ्यांना भेटून, हात जोडून आम्ही आभार मानले. तुम्हाला भेटायचं राहून गेलं. पेशंटचे नातेवाईक लॅबच्या दारापर्यंत जातात, बाटली देतात आणि मागे फिरतात. आत कोण बसलंय हे त्यांना ठाऊक नसतं. आम्हालाही नव्हतं. हे पत्र मी मुद्दाम उघडपणे लिहितेय, कारण तुमच्या कामाचं मोल तुम्हाला एकटीला सांगून माझं समाधान होणार नाही.

बाबांना कोरोना झाला तेव्हा त्यांना ऑक्सिजन लागला, स्टेरॉइडही लागलं. पुढे म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, झाल्यावर भेटेल तो स्टेरॉइडला शिव्या घालत होता, मला ते पटत नाही. ऑक्सिजनवर असलेल्या कोरोनाच्या पेशंटना रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं तर जीव वाचतात, हे 2020 मध्येच मोठ्या चाचणीतून सिद्ध झालं होतं. बाबाही त्यामुळेच वाचले असं मी मानते. पण त्यांना मधुमेह आधीपासूनचा होता, स्टेरॉइडने साखर आणखी चढली, प्रतिकारशक्ती दबली. हवेत, मातीत, कुजलेल्या पाल्यात सगळीकडे असणारी ही बुरशी निरोगी माणसाच्या नाकातून रोज आत जाते आणि काही करत नाही. वाढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती एकत्र आली की तिला वाट मोकळी मिळते.

घरी आल्यावर एक दिवस दाढी करताना बाबा म्हणाले, "उजव्या गालाला वस्तरा लागलेला कळतच नाहीये." दुखत नव्हतं, ताप नव्हता, फक्त गाल बधिर. नाक एकाच बाजूने बंद आणि वरची एक दाढ हलत होती. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी दुर्बीण घातली. नाकाच्या आतला भाग पांढराफटक पडला होता, हात लावला तरी रक्त येत नव्हतं. बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, आत गुठळ्या होतात, पुढचा भाग उपाशी राहून मरतो आणि मग काळा पडतो. काळं दिसायची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, हे त्यांनी आम्हाला तिथेच समजावलं.

पण बुरशी कुठली? सीटी स्कॅनमध्ये सायनस भरलेला दिसला, त्यावरून ती म्युकर आहे की अ‍ॅस्परजिलस हे सांगता येत नाही. आणि सगळं अडलं होतं ते तिथेच. अ‍ॅस्परजिलसवर व्होरिकोनॅझोल हे पहिलं औषध. म्युकरवर ते चालतच नाही. म्युकरला अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, जे मूत्रपिंडाला जड जातं. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, आधीच वर होतं. चुकीच्या बाजूला एक पाऊल पडलं असतं तरी महागात पडलं असतं.

सर्जननी तुकडे काढले आणि दोन बाटल्यांत घातले. एक फॉर्मॅलिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी साध्या सलाइनची, तुमच्यासाठी. ती दुसरी माझा भाऊ घेऊन आला. नखाएवढे राखाडी-गुलाबी तुकडे तळाशी बसले होते. खिडकीपाशी तुमच्या तंत्रज्ञ ताईंनी बाटली उजेडात धरली आणि पहिला प्रश्न विचारला, "यात फॉर्मॅलिन नाही ना?" लेबलवर खात्री केल्याशिवाय त्यांनी ती आत घेतली नाही. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर लावून, म्हणजे ती लॅबमध्ये वाढवून पाहून, उपयोग नसतो, हे आम्हाला नंतर कळलं. सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या एकाच बाटलीत जाण्याचे प्रकार घडतात म्हणे.

ड्युटी संपून गेली तरी तुम्ही त्या बाटलीसाठी थांबला होतात. हे आम्हाला सर्जननी सांगितलं, तुम्ही कधीच बोलला नाहीत.

तासाभरात वॉर्डात तुमचा फोन आला. डॉक्टर शेजारीच उभे होते, त्यामुळे तुमचा आवाज मलाही ऐकू येत होता. "रुंद, फितीसारखे धागे आहेत. पडदे जवळजवळ नाहीत. फांद्या काटकोनात फुटल्यात. म्युकर धरून चला, कल्चरसाठी थांबू नका." एवढंच. अ‍ॅस्परजिलसचे धागे बारीक असतात, त्यांना आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे असतात आणि फांद्या तिरक्या, 45 अंशांच्या आसपास फुटतात. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) या रसायनाच्या थेंबाने माणसाचं मांस विरघळतं, बुरशीची भिंत तेवढी टिकते. त्यात कॅल्कोफ्लोर हा रंग घातला की ती खास दिव्याखाली चमकते. हे सगळं मी तुमच्याच एका कनिष्ठ डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: तुम्ही तो तुकडा खलून दिला नाहीत, पात्याने बारीक चिरलात. म्युकरच्या धाग्यांना पडदे नसल्यामुळे खलताना ते फुटतात आणि मरतात. मॅडम, अशी काळजी रिपोर्टमध्ये कुठे लिहिलेली नसते.

त्याच रात्री लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू झालं. त्या महिन्यांत हे इंजेक्शन मिळवायला किती घरं वणवण फिरली हे सगळ्यांनी पाहिलंय. मे 2021 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना म्युकरमायकोसिस साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं होतं, इतके पेशंट येत होते. आमचं नशीब की हॉस्पिटलमध्ये साठा होता. दुसऱ्या दिवशी मोठं ऑपरेशन झालं, उजवीकडचा वरचा जबडा आणि टाळूचा थोडा भाग काढावा लागला. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, मग औषध तरी कसं पोचणार? त्यामुळे कापण्याला पर्याय नव्हता. पुढचे दिवस पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि साखर यांच्या आकड्यांवर गेले, त्याबद्दल फार लिहीत नाही.

तुम्हाला पत्र लिहायचंच हे ज्या दिवशी ठरलं तो दिवस मात्र सांगते. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: रक्तवाहिन्यांच्या भिंतींत घुसलेली बुरशी, म्युकर. आणि त्यानंतर तुमच्या कल्चरचा अंतिम रिपोर्ट आला. त्यात काहीच उगवलं नव्हतं. इतक्या जपून लावूनही नाही. निम्म्याच्या आसपास पेशंटमध्ये असंच होतं, हे आता मला माहीत आहे. म्हणजे कल्चरच्या भरवशावर राहिलो असतो तर हातात कोरा कागद आला असता, आणि तोवर डोळा गेला असता, कदाचित मेंदूपर्यंत पोचलं असतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्ताचा कर्करोग असलेल्या म्युकरच्या पेशंटना अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू व्हायला 6 किंवा त्याहून जास्त दिवस लागले, तर 12 आठवड्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं होतं. बाबांना औषध त्याच रात्री मिळालं. ते तुमच्या डोळ्यांमुळे, आणि फोन उचलून ठामपणे सांगण्याच्या तुमच्या धाडसामुळे. "बुरशी दिसते, कृपया इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे" असं लिहून तुम्ही मोकळ्या होऊ शकला असतात.

बाबांचा उजवा डोळा शाबूत आहे. बुरशीवरच्या पोसॅकोनॅझोलच्या गोळ्या सुरू आहेत. टाळूला प्लेट बसवलीय, ती लावली की बोलणं स्वच्छ येतं आणि पाणी नाकात जात नाही. सुरुवातीला ते चारचौघांत बोलायला कचरायचे, आता फोनवर तासन् तास बोलतात. गाल अजून बधिर आहे. वस्तरा सोडून त्यांनी इलेक्ट्रिक शेव्हर घेतलाय.

त्या तंत्रज्ञ ताईंना हे पत्र जरूर वाचायला द्या, त्यांचं नाव आम्ही विचारलंच नाही. आणि एक विनंती बाबांची. त्या दिवशीच्या स्लाइडचा फोटो तुमच्याकडे असेल आणि दाखवायला नियमाची अडचण नसेल, तर त्यांना तो पाहायचा आहे. पुढच्या तपासणीला आलो की लॅबच्या खिडकीपाशी येऊन विचारू.

आपली कृतज्ञ,
बाबांची मुलगी