मानसिक आरोग्य कायदा घराच्या दारापर्यंत यावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

10 ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी वर्तमानपत्रांतून ‘मनातलं बोला, मदत मागा’ असं आवाहन झालं. ते योग्यच आहे. पण ज्या घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे तिथली अडचण वेगळी असते. आजार बळावला की आपण आजारी आहोत हेच अनेकदा रुग्णाला पटत नाही. गोळ्या बंद होतात आणि दवाखान्याचं नाव काढलं की तो खोलीचं दार लावून घेतो. अशा वेळी घरच्यांनी नेमकं काय करायचं, याबाबत कायद्यात थोडंच सांगितलं आहे, आणि तेवढंही गावपातळीवर कोणाला माहीत नाही. मी एका रुग्णाची मोठी बहीण आहे. आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मला मनापासून चांगला वाटतो, हे आधीच सांगते. 2001 साली तामिळनाडूतल्या एरवडी गावी मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या 28 रुग्णांना पळताही आलं नाही. त्याच देशात आता रुग्णाला साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. उपचार हा रुग्णाचा हक्क ठरला आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचं झालं तर एका मनोविकारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि रुग्णाच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांत, इतरांसाठी सात दिवसांत. यातलं काहीही मागे घ्यावं असं मी म्हणणार नाही.

पण हे बहुतेक संरक्षण रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यावर सुरू होतं. घर ते दवाखाना या टप्प्यात तो आणि आम्ही दोघंही वाऱ्यावर असतो.

माझ्या भावाने गोळ्या सोडल्या तेव्हा आईने वरणात गोळी कुस्करून घालायला सुरुवात केली. अशी कितीतरी घरं मला माहीत आहेत. कोणी उघड बोलत नाही एवढंच. त्याला चव कळली. त्यानंतर तो घरचं जेवेना. स्वतः सोललेली केळी आणि स्वतः दुकानातून आणलेले बिस्किटांचे बंद पुडे, एवढ्यावर राहू लागला. आपल्याला विष घालतात असा त्याचा संशय आधीपासून होताच, आणि आम्ही तो आमच्या हाताने पक्का केला. डॉक्टर म्हणाले, पेशंटला घेऊन या, न बघता औषध कसं बदलू? त्यांचंही बरोबर होतं. पोलिस ठाण्यात गेलो तर विचारलं, गुन्हा काय घडलाय? कोणाला मारलं का? मारलं नव्हतं. मग आम्ही काही करू शकत नाही, असं सांगून परत पाठवलं.

शेवटी कोणीतरी एका खासगी केंद्राचा नंबर दिला. पैसे ठरवून त्यांची जीप आली. चार धडधाकट माणसांनी दार तोडलं, ओढणीने हात बांधले आणि सगळी गल्ली बघत असताना त्याला गाडीत घातलं. यात ना डॉक्टर होता, ना कसली नोंद. ज्या देशात इतका चांगला कायदा आहे तिथे हे सर्रास चालतं, कारण ती जागा भरायला दुसरं कोणी येत नाही. उपचारांनी भाऊ सावरला. नंतर त्याने त्या दिवसाचा विषय एकदाच काढला आणि म्हणाला, “ताई, चार माणसं आणण्याआधी एक डॉक्टर आणता आला नसता का?”

कायद्यानुसार आणता आला असता. कलम 94 प्रमाणे जीव जाण्याची, तब्येतीची भरून न येणारी हानी होण्याची किंवा स्वतःला वा इतरांना गंभीर इजा होण्याची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर रुग्ण जिथे असेल तिथे, म्हणजे घरीसुद्धा, 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्याला जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणंही त्यातच धरलं आहे. यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, उपलब्ध असेल तर तिची संमती लागते. कलम 100 ने पोलिसांवरही जबाबदारी टाकली आहे. आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा कोणी भटकताना आढळला, किंवा आजारामुळे कोणापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका असेल, तर त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं. त्यासाठी गुन्हा घडावा लागत नाही. मात्र कलम 94 म्हणतं डॉक्टर ‘करू शकतो’. त्याने यायलाच हवं, हे त्यात कुठेच नाही. आणि आठवडेच्या आठवडे बिस्किटांवर काढणारा माणूस ‘तातडीच्या’ व्याख्येत बसतो की नाही, यावर जो तो हात झटकतो.

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रत्येक जिल्ह्यात घरी जाऊन तपासणी करणारं पथक असावं, आणि ते सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात दुरुस्ती करून बंधनकारक करावं. कुटुंबाने किंवा शेजाऱ्याने कळवलं की ठरलेल्या तासांत मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक घरी यावेत. गरज पडली तर सोबत साध्या वेशातला पोलिस असावा. आधी रुग्णाशी बोलावं, त्याचं म्हणणं लिहून घ्यावं. दाखल करण्याची गरज नसेल तर घरीच उपचार सुरू करावेत. आपल्या राज्यात 108 च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. त्या डॉक्टरांना कलम 94 चं प्रशिक्षण देण्यापासूनही सुरुवात करता येईल.

1987 च्या कायद्यात नातेवाइकांना थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता यायचा, तो मार्ग परत आणा असं काही पालक म्हणतात. त्यांची हतबलता मी जाणते, तरी मला ते मान्य नाही. नको झालेल्या बायकोला किंवा जमिनीत वाटेकरी असलेल्या भावाला ‘वेडा’ ठरवून डांबण्याचे प्रकार आपल्याकडे झाले आहेत. घरच्यांच्या शब्दावर कोणाला उचलू नये, पण त्यांच्या शब्दावर तपासायला तरी यावं. एवढं झालं तर जीपवाल्यांचा धंदाही आपोआप बसेल.

दुसरं, पुनर्विलोकन मंडळ. कायदा जिल्ह्याला एक किंवा काही जिल्ह्यांच्या गटाला एक मंडळ करू देतो. गटाचं मंडळ आमच्यासारख्यांना लांबच पडतं. त्यात दोन जागा रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांच्या प्रतिनिधींसाठी आहेत, त्यातली एक तरी कुटुंबासाठी पक्की असावी. माझ्या भावाला बरं असताना लिहून ठेवायचं आहे की पुन्हा आजारी पडलो तर मला न्यायला कोणी यावं आणि कोणी येऊ नये. कायद्याने त्याला हा हक्क दिला आहे. त्याचं पत्र नोंदवायला तालुक्यात एक खिडकी असावी, इतकंच.

आमची आई आता थकली आहे. ‘माझ्या माघारी याचं काय?’ हा तिचा रोजचा प्रश्न. मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांची आई-वडिलांच्या माघारी काळजी घेतली जावी यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यात मानसिक आजार येत नाहीत. 2017 च्या कायद्याने आधारगृहांची आणि दवाखाना व घर यांच्या मधल्या निवाऱ्यांची जबाबदारी सरकारवर टाकली. तरी 2021 मध्ये महाराष्ट्रात बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला राज्य सरकारला थांबवावं लागलं. आईला हे मी सांगितलेलं नाही.

लोकसंख्येच्या मानाने मानसिक आरोग्य तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी कायद्याने सरकारला दहा वर्षं दिली आहेत. कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला, म्हणजे 2028 ला मुदत संपते. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमच्या भागातल्या एखाद्या आमदाराने सरकारला एवढं तरी विचारावं: गेल्या वर्षभरात आपल्या जिल्ह्यात कलम 94 खाली किती रुग्णांना घरी जाऊन तपासलं, कलम 100 खाली पोलिसांनी किती जणांना दवाखान्यात नेलं, आणि पुनर्विलोकन मंडळाच्या बैठका किती झाल्या?

आपली एक वाचक
(भावाला गावात त्रास होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)