जपान सोडताना पेन्शनचा अर्ज घाईने भरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानमध्ये शिकवायला कसे जावे, याबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले जाते. तिथली नोकरी संपवून परत येताना काय करावे लागते, यावर मात्र फारसे काही वाचायला मिळत नाही. परतणारे शिक्षक सामानाच्या वजनाची काळजी करतात आणि खरे नुकसान कागदांमध्ये होते. त्यातले सर्वांत मोठे नुकसान पेन्शनचे.

पगारातून कापलेल्या पेन्शनच्या वर्गणीचा काही भाग देश सोडल्यावर एकरकमी परत मिळतो. त्याला ‘दत्ताई इचिजीकिन’ म्हणतात. त्यासाठी किमान ६ महिन्यांची वर्गणी लागते आणि जपानमधला पत्ता रद्द झाल्यापासून २ वर्षांत अर्ज करावा लागतो. ‘सगळेच घेतात, आपणही घेऊ’ म्हणून अर्ज भरला जातो. पण ही रक्कम जास्तीत जास्त ६० महिन्यांच्या हिशेबानेच मिळते. ८ वर्षे शिकवलेल्या माणसाला ५ वर्षांचे पैसे मिळतात, आणि नोंद मात्र पूर्ण ८ वर्षांची पुसली जाते. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. जपानी पेन्शनसाठी लागणारी १० वर्षे भरताना त्या करारामुळे भारतातला ईपीएसचा, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचा, काळही जमेस धरता येतो. जपानमध्ये ६ आणि भारतात ४ वर्षे झाली असतील, तर जपानमधल्या ६ वर्षांच्या वर्गणीपुरते पेन्शन ६५ व्या वर्षापासून मिळू शकते. एकरकमी पैसे घेतले की हा रस्ता बंद. दोन-तीन वर्षेच राहिलेल्यांनी रक्कम घेणे समजण्यासारखे आहे. पाच वर्षांहून अधिक काळ झालेल्यांनी तरी आधी हिशेब मांडावा, असे आमचे ठाम मत आहे. भारतातले ईपीएसचे पैसे पूर्वी काढून घेतले असतील, तर तो काळ धरला जाईल का, हे ईपीएफओकडून, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून, लेखी विचारून घ्यावे.

रक्कम घ्यायचीच असेल, तर तिच्यातून २०.४२ टक्के आयकर कापला जातो हे ध्यानात ठेवावे. बोनस धरून महिन्याची सरासरी ३ लाख येन आणि वर्गणी ५ वर्षांची असेल, तर त्या सरासरीच्या साडेपाच पट म्हणजे १६ लाख ५० हजार येन होतात आणि त्यातून सुमारे ३ लाख ३७ हजार कापले जातात. हा कर विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण ते भरायला जपानमध्ये राहणारा प्रतिनिधी, म्हणजे ‘नोझेई कान्रीनिन’, लागतो. विश्वासू सहकारी चालतो. त्याच्या नावाचा अर्ज निघण्यापूर्वीच कर कार्यालयात द्यावा. भारतात पोहोचल्यावर पेन्शनच्या निर्णयाचे पत्र येते. ते फेकू नये, त्याची मूळ प्रत प्रतिनिधीला लागते. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव असते आणि बँकेत नुसती आद्याक्षरे. या फरकामुळे पैसे अडकू शकतात, म्हणून खात्यावरचे नाव आधीच जुळवून घ्यावे.

दुसरा फटका रहिवासी कराचा. १ जानेवारीला ज्याचा पत्ता जपानमध्ये असतो, त्याला आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर हा कर लागतो आणि त्याची मागणी जूनमध्ये येते. शाळेचे वर्ष मार्चअखेर संपते. तेव्हा निघणाऱ्याच्या शेवटच्या पगारातून मेपर्यंतचे उरलेले हप्ते एकदम कापले जातात, आणि वर पुढचे पूर्ण वर्षाचे बिल जूनमध्ये येतेच. त्यासाठी नगरपालिकेकडे प्रतिनिधीची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते. माणूस तोच असला तरी कर कार्यालयातला अर्ज इथे चालत नाही. स्थलांतराची नोंद, ‘तेन्शुत्सु तोदोके’, निघण्याआधीच्या १४ दिवसांत करता येते. त्याच फेरीत हेही उरकावे. मायनंबरची, म्हणजे जपान सरकारने दिलेल्या वैयक्तिक ओळख क्रमांकाची, नोंद जपून ठेवावी.

घर सोडण्याची नोटीस साधारण एक महिना आधी द्यावी लागते, काही करारांत दोन. अनामत रकमेतून वाटेल तशी कपात मान्य करू नका. एप्रिल २०२० पासून दिवाणी संहितेतच स्पष्ट केले आहे की नेहमीच्या वापराची झीज भाडेकरूच्या माथी नाही. पिनांची भोके, फ्रिजमागे काळवंडलेली भिंत ही घरमालकाची बाब. स्क्रूची भोके आणि ओल न पुसल्याने वाढलेली बुरशी भाडेकरूची. वॉलपेपरचे आयुष्य सरकारी मार्गदर्शिकेत ६ वर्षे धरले आहे, त्यामुळे जुन्या वॉलपेपरची पूर्ण किंमत मागितली तर हरकत घ्यावी. पाहणीच्या दिवशी फोटो काढावेत आणि आकडा पटला नाही तर तिथल्या तिथे सही करू नये.

टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी मोठ्या कचऱ्यात घेत नाहीत. त्यांचे पुनर्वापर शुल्क वेगळे भरावे लागते. बाकीच्या मोठ्या कचऱ्याचीही वेळ लवकर ठरवावी, मार्चमध्ये गर्दी असते. छोटी ‘केई’ गाडी असेल तर ३१ मार्चपर्यंत दुसऱ्याच्या नावावर करावी. १ एप्रिलला जो मालक, त्याच्याकडून वर्षाचा कर घेतला जातो आणि केई गाडीचा तो महिन्यांच्या हिशेबाने परत मिळत नाही.

बँक खाते आणि फोन सर्वांत शेवटी. वीज, गॅस आणि फोनची अखेरची बिले महिनाभराने येतात, पण देश सोडल्यावर खाते चालू ठेवू न देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत. म्हणून उरलेली बिले रोखीने चुकती करण्याची विनंती आठवडाभर आधी करावी. विमानतळावर भरायच्या फॉर्ममध्ये पुनर्प्रवेशाच्या चौकोनात खूण करू नये आणि रहिवासी कार्ड अधिकाऱ्याकडे द्यावे.

शिक्षकांना जपानला पाठवणाऱ्या संस्थांनी पेन्शनचा आणि रहिवासी कराचा भाग तरी नेमणुकीच्या करारासोबत मराठीत लेखी द्यावा, अशी आमची मागणी आहे.

आपले,
जपानमध्ये अध्यापन केलेले काही वाचक