डेंग्यूचा डास केवढा काढायचा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर डेंग्यूचा जो ग्राफ आला होता त्याबद्दल लिहितोय. ग्राफ कसला, दोन डासच होते ते, मागच्या वर्षीचा बारका आणि यंदाचा भलामोठा, वर लाल हेडिंग. आकडा साधारण दुप्पट होता, मान्य, पण डास दुप्पट उंच काढला की आपोआप दुप्पट रुंदही होतो, म्हणजे कागदावर चौपट जागा खातो, आणि माणूस चित्राची उंची थोडीच मोजतो, त्याला एकूण आकार दिसतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत "डेंग्यू चौपट" असं सुरूसुद्धा झालं होतं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रातून आरोग्य सहाय्यक म्हणून रिटायर झालोय, कंटेनर सर्वे (घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या शोधणं), गप्पी मासे, टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर), ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणं) सगळं केलंय, त्यामुळे डेंग्यू हलक्यात घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या डासांच्या खाली कुठेच लिहिलेलं नव्हतं की हे आकडे कधीपासून कधीपर्यंतचे. डेंग्यू पावसाच्या मागून येतो, खरा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात, मग एका वर्षाचा जुलैअखेरचा आकडा दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरअखेरच्या आकड्याशेजारी ठेवला तर वाढ दिसणारच ना. शिवाय संशयित की निश्चित? रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट सरकारी हिशोबात संशयित असतो, एलायझा या लॅबमधल्या रक्ततपासणीत पॉझिटिव्ह आला की निश्चित, आणि या दोन आकड्यांत केवढा फरक असतो ते ज्याने रिपोर्ट भरलेत त्याला विचारा.

आता पट्ट्यांच्या ग्राफचं सांगतो, कारण हे सगळेच पेपर करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यात पाच वर्षांखालची वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं 2015-16 ला 34.4 टक्के होती आणि 2019-21 ला 35.2. हा ग्राफ शून्यापासून काढला तर दोन्ही पट्ट्या जवळपास सारख्याच उंच, फरक शोधावा लागेल. तोच 34 पासून सुरू करा, दुसरी पट्टी पहिलीच्या तिप्पट! आकडे तेच, एकही खोटा नाही, आणि वाचक मात्र म्हणणार कुपोषण तिप्पट झालं. हा काही घरोघर जाऊन केलेला हिशोब नाही, निवडक घरांचा सर्वे आहे, त्यात पाऊण टक्का इकडे तिकडे म्हणजे काहीच नाही. त्याच सर्वेत 15 ते 49 वयाच्या बायकांमधला अ‍ॅनिमिया 48 वरून 54.2 वर गेलाय, ती खरी बातमी होती, ती शून्यापासून काढली तरी नीट दिसते. पण तिचा ग्राफ काही मला पहिल्या पानावर दिसला नाही.

शून्याचा हट्ट पट्ट्यांसाठी हां. रेघेच्या ग्राफला तसं नसतं, वॉर्डातला टेंपरेचर चार्ट कोणी शून्यापासून काढत नाही, काढला तर ताप दिसायचाच नाही.

नकाशांचंही तेच. कुठलाही आजार घ्या, पुणे जिल्हा गडद लाल आणि सिंधुदुर्ग फिका. असणारच! 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्हा 94 लाखांचा आणि सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा, तुम्ही आजार नाही रंगवला, लोकसंख्या रंगवली. लाखामागे किती ते काढा आणि मग रंग भरा. 2021 ची जनगणना झालीच नाही त्यामुळे भागायचं कशाने हा प्रश्न आहेच, पण अंदाजे लोकसंख्या घेऊन तसं लिहिलं तरी चालेल, न भागण्यापेक्षा बरं.

कोरोनात 16 जून 2020 ला राज्याच्या आकड्यात आधीचे राहून गेलेले 1328 मृत्यू एकदम जोडले गेले, त्यातले 862 एकट्या मुंबईचे. ते त्या दिवशी झालेले मृत्यू नव्हते, हिशोब जुळवल्यावर निघालेले होते, पण रोजच्या ग्राफात सुळका आला तो आला. तिथे बाण काढून एक ओळ लिहायला कितीशी जागा लागते? तसंच एकूण आकड्याची, म्हणजे पहिल्या दिवसापासून बेरीज करत नेलेली रेघ. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) पेशंट निघाले तेव्हा रोज एकूण आकड्याची रेघ छापून येत होती, आणि एकूण आकडा म्हटल्यावर रेघ खाली येणार कशी, साथ ओसरली तरी ती वरच राहणार. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं की पेशंट कुठल्या तारखेला आजारी पडला त्या तारखेवर पट्टी चढवायची, अ‍ॅडमिट कधी झाला आणि रिपोर्ट कधी आला त्यावर नाही. गॅस्ट्रोच्या साथीत तसं काढलं की पट्ट्या एकदम चढून उतरलेल्या दिसतात आणि सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ठिकाणचं पाणी प्यायलंय का ते बघायला पाइपलाइनकडे पळता येतं.

एकूण आकड्याची रेघ नेहमीच वाईट असंही नाही. उपकेंद्राच्या भिंतीवर सिस्टरने हाताने भरलेला लसीकरणाचा चार्ट असतो, त्यात वर्षाच्या टार्गेटची तिरकी रेघ, तिच्याजवळून पेंटा 1 ची (पेंटा लसीचा पहिला डोस) आणि खालून पेंटा 3 ची (तिसरा डोस), दोन्ही दर महिन्याला बेरीज करत नेलेल्या. दोघींमधलं अंतर म्हणजे पहिला डोस घेऊन नंतर न आलेली बाळं, ते वाढलं की कुठल्या वस्तीवर जायचं याची चर्चा सुरू. आणि अंगणवाडीत बाळाच्या कार्डावरची वजनाची रेघ तर अर्धवट शाळा शिकलेली आईसुद्धा वाचते, रेघ आडवी झाली की "ताई, ह्या महिन्यात वाढलं नाय का?" असं स्वतःहून विचारते. त्यामुळे "वाचकांना ग्राफ कळत नाहीत म्हणून चित्र टाकतो" हे जे आपल्याकडच्या एकांनी मला फोनवर सांगितलं ते काही पटलं नाही.

फार मागत नाही. आकडे कुठून घेतले, कुठल्या तारखेपर्यंतचे, संशयित की निश्चित, लाखामागे की नुसते, हे ग्राफच्या खाली वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. डेंग्यूसाठी आठवड्यानुसार एकच रेघ काढा आणि मागच्या वर्षीची रेघ तिच्याच मागे फिक्या रंगात ठेवा, शेजारी शेजारी वेगळे ग्राफ नकोत. आणि आतल्या पानांवर छापणार असाल तर लाल, हिरवा, केशरी अशी रंगांची यादी देऊ नका हो, ती पानं ब्लॅक अँड व्हाईट असतात, तिन्ही रंग सारखेच राखाडी छापून येतात आणि कुठला जिल्हा कुठला ते आम्ही चष्मा पुसून पुसून शोधत बसतो. जिल्ह्याचं नाव सरळ त्या रेघेच्या टोकालाच लिहा.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यक, सातारा