चॅटबॉटची तक्रार आणि ‘विचाराची रक्कम’

महोदय,

बंद पडलेला फ्रिज, फेटाळलेला विमा दावा, सगळे हप्ते घेऊनही प्लॉटची रजिस्ट्री न करून देणारा ले-आऊटवाला... अशा तक्रारी आता बरेच जण एआय चॅटबॉटकडून लिहून घेतात. त्यात वावगे काही नाही. ग्राहक आयोगात वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. पण या मसुद्यांतल्या चुका ठरलेल्या असतात आणि त्या बहुतेक आकड्यांत असतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मध्ये जिल्हा आयोगात किती रकमेपर्यंतची तक्रार चालते, ती मर्यादा १ कोटी छापलेली आहे. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आली. चॅटबॉट कलम वाचून १ कोटी सांगतो. कधी तर १९८६ च्या रद्द झालेल्या कायद्यातले २० लाख सांगून वर आयोगाला ‘ग्राहक मंच’ या जुन्या नावानेही संबोधतो. त्याच जुन्या कायद्यातून जिल्हा आयोगाच्या निकालावरील अपिलाची ३० दिवसांची मुदत येते (आता ४५ आहे) आणि ‘कंपनीचे कार्यालय असेल तिथेच तक्रार करा’ हा सल्लाही. आज कंपनी बेंगळुरूची असली तरी धरमपेठेतला ग्राहक नागपुरातच तक्रार करू शकतो. मर्यादा धरतात ती मोजलेल्या मोबदल्यावर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. फीदेखील मोबदल्यावरच ठरते आणि ५ लाखांपर्यंत ती नाहीच. मराठीत मसुदा मागितला की हाच ‘मोबदला’ इंग्रजीतून (‘कन्सिडरेशन’) येता येता ‘विचार’ होतो. ‘तक्रारकर्त्याने दिलेल्या विचाराची रक्कम रु. ४२,०००’ हे वाक्य वाचून आयोगाने काय समजावे?

आपल्याकडे प्लॉटची प्रकरणे फार, आणि नेमका तिथेच चॅटबॉट घसरतो. जमीन आहे तशी विकली असेल, तर नुसता प्लॉटचा व्यवहार ‘सेवा’ ठरत नाही, म्हणजे तक्रार आयोगापुढे चालत नाही. रस्ते, नाल्या, वीज, अकृषक परवानगी करून देण्याचे कबूल केले असेल तर ठरतो. हे चॅटबॉट विचारत नाही, म्हणून मसुद्यात येत नाही. माहितीपत्रक, नकाशा, इसारपत्रातली ती ओळ तक्रारीत उतरवायलाच हवी. तसेच ‘शेवटचा हप्ता २०१९ चा, तक्रारीची दोन वर्षांची मुदत संपली’ असे उत्तर मिळाले म्हणून गप्प बसू नये. ताबा किंवा विक्रीपत्र दिलेलेच नसेल, तर तक्रारीचे कारण चालूच राहते, असे आयोग सहसा मानतात.

न्यायनिवाड्यांबाबत तर हात आखडताच घ्यावा. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली चॅटबॉटने रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. मसुद्यातला प्रत्येक निकाल ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर किंवा संबंधित न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधावा. सापडला नाही तर ते वाक्यच खोडावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडायचे तर १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली येते. चॅटबॉट अजून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब वरच अडलेला दिसतो.

मग वापरायचा कसा? बिल, वॉरंटी कार्ड, ई-मेल यांतल्या तारखा आणि रकमा त्याला द्याव्यात. आधार, पॉलिसी आणि खाते क्रमांक आधी खोडावेत. आणि स्पष्ट सांगावे : ‘घडले ते तारखेनुसार मांड, कायदा लिहू नकोस.’ एवढे काम तो चोख करतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतलेला बरा. काही कंपन्या तिथेच नमतात.

सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा आयोगाला एक विनंती. मर्यादा, फी, मुदत, किती प्रती आणि कोणती शपथपत्रे, एवढे सांगणारा एकपानी मराठी तक्ता दर्शनी भागात लावावा. लोक त्याचा फोटो काढून चॅटबॉटलाच देतील.

– ग्राहक तक्रारींत मदत करणारे कार्यकर्ते, नागपूर