चिठ्ठीच्या कोपऱ्यातल्या क्रमांकाबद्दल आभार

जर्मन समाजशास्त्रज्ञ प्रा. निकलास लुमान यांस,
सा. न. वि. वि.

आपण १९९८ साली गेलात, तेव्हा हे पत्र आपल्या हाती पडणार नाही. पण टिपणं चिठ्ठ्यांवर लिहून पेटीत ठेवायच्या आपल्या रीतीवर आजही कितीतरी जणांचं लिखाण उभं राहतं, म्हणून हे आभार जाहीरपणे.

आपल्या पेटीत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या, हा आकडा सगळेच सांगतात. आम्हाला त्याहून मोलाचा वाटतो तो प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यातला, कधीही न बदलणारा क्रमांक. समजा, १४/३ आणि १४/४ आधीच आहेत. १४/३ वरून काही सुचलं तर ते १४/३अ होऊन मध्ये शिरतं, त्याला फाटा फुटला तर १४/३अ१. मुद्दा कोणत्या विषयाचा हे ठरवत बसावं लागत नाही, कशाच्या मागे बसतो एवढंच पाहायचं. विषयवार फाइली करणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं : 'स्मृती' आणि 'शिक्षण' या दोन्हींत बसणारा मुद्दा हमखास 'इतर'मध्ये जाऊन पडतो.

वाचनाच्या नोंदी वेगळ्या ठेवण्याची शिस्तही आपलीच. पुस्तकाच्या चिठ्ठीवर पान क्रमांक आणि चार-पाच शब्द, बस्स. मग एक-दोन दिवसांत, पुस्तक मिटून, स्वतःच्या शब्दांत, एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. उतारे उतरवत गेलं की समजल्याचा भास होतो आणि लिहायला बसल्यावर हाती दुसऱ्याचीच वाक्यं उरतात. एका चिठ्ठीवरून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या जोडणीचंही तसंच. नुसतं 'पाहा २२/७' कुचकामी. सहा महिन्यांनी का पाहायचं तेच आठवत नाही. 'पाहा २२/७ : पुन्हा वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणूनच ऐनवेळी आठवलं नाही की धक्का बसतो' असं लिहिलं, तर लेखातला निम्मा परिच्छेद तिथेच झालेला असतो.

लेखाच्या वेळी, कोणत्या शब्दासाठी कोणती चिठ्ठी हे सांगणाऱ्या शब्दसूचीतून एक-दोन चिठ्ठ्या गाठायच्या आणि जोडण्यांचा माग काढत जायचं. पंधरा-वीस जमल्या की टेबलावर मांडायच्या, हलवायच्या. शेजारच्या दोन चिठ्ठ्यांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसेना, तर तिथे मुद्दा गळलाय. ती चिठ्ठी आधी लिहायची, मसुदा मागाहून. शेवटी क्रम टिपून सगळ्या जागच्या जागी परत. हे काम कंटाळवाणं खरं, पण एक चिठ्ठी भलतीकडे गेली की तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या वाटा बंद.

आणि हो, कागद पातळ घेऊन एकाच बाजूला लिहिण्याबद्दलही आभार. पेटी लवकर भरत नाही, चिठ्ठी बाहेर न काढता वाचता येते.

आपले,
चिठ्ठ्या लिहिणारे काही जण